मंत्री राजीनामा देतो तेव्हा नक्की काय होतं? अंतुलेंपासून मुंडे-कोकाटेंपर्यंतचा हिशेब, आपल्या भाषेत

भिवंडी (ग्रामीण) : मोबाईलवर बातमी पडते, "अमुक मंत्र्यांचा राजीनामा". पाच मिनिटांत गावच्या ग्रुपवर फटाक्यांचे स्टिकर. दुसऱ्या बाजूचे लोक लिहितात, "साहेबांना अडकवलं". मग कोणीतरी विचारतो, "म्हणजे आता आमदारकी पण गेली का? परत इलेक्शन लागणार का?" गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला पडघ्यापासून अंबाडीपर्यंत इतक्या जणांनी विचारला, की एकदा नीट बसून लिहावं असं ठरवलं.

पहिलं उत्तर लगेच देतो. मंत्रिपद गेलं म्हणजे आमदारकी जात नाही. मंत्रिपद ही मुख्यमंत्र्यांनी दिलेली जबाबदारी, आमदारकी ही मतदारांनी दिलेली. राजीनामा देणारा मंत्री दुसऱ्या दिवशी आमदार म्हणून सभागृहात बसतो, मतदान करतो, आमदार निधी वापरतो. लाल दिव्याची गाडी तर २०१७ पासून कोणाकडेच नाही. जातो तो बंगला, खातं आणि फाईलवरची सही. यातली सही सगळ्यात महत्त्वाची, हे लक्षात ठेवा.

सरपंचाचा राजीनामा आणि मंत्र्याचा राजीनामा

आपल्याला ग्रामपंचायतीचा कायदा जास्त माहीत असतो, म्हणून तिथून सुरू करू. ग्रामपंचायत सदस्याला पद सोडायचं असेल तर तो सरपंचाकडे लेखी देतो. सरपंचाला सोडायचं असेल तर पंचायत समितीच्या सभापतीकडे. मंत्र्याला सोडायचं असेल तर तो मुख्यमंत्र्यांकडे देतो, मुख्यमंत्री तो राज्यपालांकडे पाठवतात आणि राज्यपालांनी स्वीकारला की तो पक्का झाला. घटनेच्या कलम १६४ प्रमाणे मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने राज्यपाल मंत्री नेमतात, आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंत मंत्री पदावर राहतो. कागदावर मर्जी राज्यपालांची, खरी मर्जी मुख्यमंत्र्यांची. आघाडीचं सरकार असेल तर मुख्यमंत्र्यांचीही नाही, ज्या पक्षाच्या वाट्याला ते मंत्रिपद आलं त्या पक्षाच्या नेत्याची. आणि मुख्यमंत्र्यांनीच राजीनामा दिला तर सगळं मंत्रिमंडळच जातं, एकेकाने वेगळा कागद द्यावा लागत नाही.

आता खरा फरक बघा. सरपंचाने गैरवर्तन केलं तर ग्रामपंचायत कायद्याचं कलम ३९ आहे. जिल्हा परिषदेचे सीईओ चौकशी करतात, अहवाल विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे आपल्यासाठी बेलापूरच्या कोकण भवनला जातो आणि आयुक्त सरपंचाला पदावरून काढू शकतात. शिवाय कलम १४ आहेच. सरकारी जागेवर अतिक्रमण केलं, पद गेलं. घरपट्टी-पाणीपट्टी थकवली आणि मुदतीत भरली नाही, पद धोक्यात. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं, पद गेलं. आपल्या तालुक्यात यातल्या कशावर ना कशावर तक्रार झालेली नाही असं गाव शोधायलाच लागेल.

मंत्र्यासाठी असं एकही कलम नाही. मंत्र्याने गैरवर्तन केलं तर कोणी चौकशी करायची, किती दिवसांत करायची, अहवाल आल्यावर पद कोणी काढून घ्यायचं, हे कुठेच लिहिलेलं नाही. दोन मुलांची अट मंत्र्याला नाही, आमदारालाही नाही. आणखी एक गंमत, कलम ३९ खाली काढलेल्या सरपंचाला अपील करायचं असेल तर ते राज्य सरकारकडे करावं लागतं. म्हणजे सरपंच बरोबर की चूक हे शेवटी मंत्रालयात ठरतं. मंत्री बरोबर की चूक हे मात्र पक्षाच्या बैठकीत ठरतं.

म्हणून महाराष्ट्रात मंत्री पडले ते कसे पडले हे बघितलं तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. "नैतिक जबाबदारी" हा शब्द राजीनाम्याच्या पत्रात असतो, पण त्याच्या आधी एकतर कोर्टाचा कागद आलेला असतो, नाहीतर वरून फोन आलेला असतो, नाहीतर लोक रस्त्यावर उतरलेले असतात. तिन्हीपैकी काहीच नसेल तर राजीनामा होत नाही. माझं हे मत आहे, पटतं का ते पुढच्या प्रकरणांवरून तुम्हीच बघा.

सिमेंटची गोणी आणि मुख्यमंत्र्याची खुर्ची

आपल्या कोकणातलंच प्रकरण आधी. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले, रायगडमधल्या आंबेतचे. जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. माणूस धडाक्याचा होता, हे त्यांचे विरोधकही मान्य करायचे. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड त्यांच्याच काळात झालं. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १ मे १९८१ ला झाले तेही त्यांच्याच काळात. आणि आज आपल्या गावात ज्या विधवा, दिव्यांग, निराधार बायाबापड्यांच्या खात्यात संजय गांधी निराधार योजनेचे पैसे पडतात, ती योजना अंतुलेंनी सुरू केली. तहसील कार्यालयात त्या टेबलासमोर रांगेत उभं राहणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे कोण जाणे.

त्या काळात सिमेंट खुल्या बाजारात मिळत नव्हतं. ज्यांची वयं आज साठीच्या पुढे आहेत त्यांना आठवेल, घराचा पाया भरायचा तर परमिट लागायचं. सिमेंटचा कोटा सरकार वाटायचं. जी वस्तू कमी आणि वाटणारा एकच, तिथे काय होतं हे रेशन दुकान बघितलेल्या माणसाला सांगायला नको. अंतुलेंनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान नावाचा ट्रस्ट काढला. आणखीही ट्रस्ट होते. आरोप असा झाला, की बिल्डरांनी ट्रस्टला देणगी द्यायची आणि त्यांना सिमेंटचा जादा कोटा मिळायचा. ऑगस्ट १९८१ च्या शेवटी अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये हे प्रकरण छापलं. संसदेत गोंधळ झाला. पण अंतुले खुर्चीवरच होते. सप्टेंबर गेला, दिवाळी गेली, वर्ष संपलं.

मग हायकोर्ट आलं. विरोधी पक्षाच्या लोकांनी याचिका केली होती. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ ला निकाल दिला, की सिमेंटचं वाटप आणि देणग्या यांचा संबंध होता. त्याच दिवशी अंतुलेंनी राजीनामा जाहीर केला. पेपरात छापून आल्यापासून राजीनाम्यापर्यंत साडेचार महिने, कोर्टाच्या निकालापासून राजीनाम्यापर्यंत एक दिवससुद्धा नाही.

यात सत्ताधारी पक्षाचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. काँग्रेसकडे आमदार भरपूर होते, सरकार पडायची भीतीच नव्हती. तरी पक्ष हादरला, कारण पुढचा मुख्यमंत्री कोण यावर आमदारांत एकमत नव्हतं आणि निर्णय दिल्लीत व्हायचा होता. २१ जानेवारीला बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. राज्यातल्या बहुतेकांना त्यांचं नाव तेव्हा पहिल्यांदाच नीट कळलं. वर्षभरात, फेब्रुवारी १९८३ ला, तेही गेले आणि वसंतदादा पाटील आले. म्हणजे एका सिमेंट प्रकरणाने तेरा महिन्यांत महाराष्ट्राने तीन मुख्यमंत्री बघितले.

खटल्याचं काय झालं? भाजपचे रामदास नायक यांनी अंतुलेंवर फौजदारी तक्रार केली होती. तो खटला सुप्रीम कोर्टात दोनदा गाजला. १९८४ मध्ये पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, की माजी मुख्यमंत्र्यावर खटला चालवायला मंजुरीची गरज नाही, आणि खटला लवकर चालावा म्हणून तो हायकोर्टाकडे पाठवला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींनी हा हायकोर्टाकडे पाठवण्याचा आदेशच चुकीचा होता असं म्हणून रद्द केला. वकिली शिकणारी मुलं आजही हे निकाल अभ्यासतात. शेवटी अंतुले सुटले, पुढे दिल्लीत आरोग्यमंत्री झाले, २००६ ला अल्पसंख्याक खात्याचे मंत्री झाले. २०१४ ला त्यांचं निधन झालं.

नंतरचे मुख्यमंत्री

१९८६ च्या मार्चमध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर गेले. त्यांच्या मुलीच्या एमडीच्या परीक्षेत गुण वाढवल्याचं प्रकरण होतं आणि पुन्हा हायकोर्टाचाच कागद आडवा आला. १९९९ च्या जानेवारीत मनोहर जोशी गेले. पुण्यात शाळेसाठी आरक्षित असलेल्या भूखंडावर त्यांच्या जावयाची इमारत उभी राहिली होती. इथे कोर्टाचा निकाल यायच्या आधीच बाळासाहेब ठाकरेंचा आदेश आला आणि जोशींनी राजीनामा दिला. तीन वर्षांत ते लोकसभेचे अध्यक्ष झाले.

आदर्शचं प्रकरण बऱ्याच जणांना आठवत असेल. कुलाब्याला एकतीस मजली इमारत, कारगिलच्या जवानांच्या नावाची चर्चा आणि फ्लॅट कोणाकोणाला. त्यात तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या नातेवाइकांची नावं निघाली. ऑक्टोबर २०१० च्या शेवटी चव्हाणांनी दिल्लीत राजीनामा देऊ केला. पण तो तिथेच पडून राहिला. का? कारण अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा मुंबईत येणार होते, पाहुणा घरात असताना भांडण नको. ओबामा ९ नोव्हेंबरला भारतातून गेले, त्याच दिवशी राजीनामा मंजूर झाला. ११ तारखेला पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री झाले. आपल्याकडे लग्नघरात सोयरे उठेपर्यंत भाऊबंदकीचा विषय काढत नाहीत, अगदी तसं. अशोक चव्हाण फेब्रुवारी २०२४ ला भाजपमध्ये गेले आणि राज्यसभेचे खासदार झाले.

धरणाचा पैसा आणि आपला मुरबाड

हे प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण ते आपल्या दाराशी आलेलं आहे.

२०१२ मध्ये राज्य सरकारच्याच आर्थिक पाहणीचा आकडा बाहेर आला. दहा वर्षांत सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी खर्च झाले आणि ओलिताखालचं क्षेत्र वाढलं फक्त ०.१ टक्का. पावसाच्या भातावर जगणाऱ्या माणसाला हा आकडा समजायला अर्थशास्त्र लागत नाही. त्याच वर्षी जलसंपदा खात्यातले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी वरिष्ठांना पत्रं लिहिली, की प्रकल्पांच्या किमती वाढवल्या आहेत आणि कामं निकृष्ट आहेत. विदर्भातल्या ३८ प्रकल्पांची किंमत २००९ मध्ये काही महिन्यांत सुमारे ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेल्याचं बाहेर आलं. १९९९ ते २००९ या काळात अजित पवार जलसंपदा मंत्री होते आणि २०१२ मध्ये उपमुख्यमंत्री.

२५ सप्टेंबर २०१२ ला अजित पवारांनी राजीनामा दिला. त्या दिवशी राष्ट्रवादीत जे झालं ते मी टीव्हीवर बघितलं होतं, तुम्हीही बघितलं असेल. राष्ट्रवादीच्या बाकीच्या सगळ्या मंत्र्यांनी "दादा नाहीत तर आम्हीही नाही" म्हणून पक्षाकडे राजीनामे दिले. आता हा राजीनामा की शक्तिप्रदर्शन? मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण काँग्रेसचे. काँग्रेसचे आमदार ८२, राष्ट्रवादीचे ६२, आणि २८८ च्या सभागृहात १४५ लागतात. राष्ट्रवादीने पाठिंबा काढला असता तर सरकार त्याच दिवशी पडलं असतं. शरद पवारांनी बाकीच्यांचे राजीनामे पुढे जाऊ दिले नाहीत, फक्त अजित पवारांचा मंजूर झाला. सत्ताधारी पक्ष "अडचणीत" असतो तेव्हा नेमकं हेच असतं. आरोप एका माणसावर असतो, पण प्रश्न असा होतो की तो माणूस आपल्यामागे किती आमदार उभे करू शकतो.

नोव्हेंबरच्या शेवटी सिंचनाची श्वेतपत्रिका निघाली. ती काढली जलसंपदा खात्याने, म्हणजे ज्या खात्यावर आरोप त्यानेच. त्यात ओलिताचं क्षेत्र ५.१७ टक्के वाढल्याचं सांगितलं. आणि ७ डिसेंबर २०१२ ला अजित पवार परत उपमुख्यमंत्री झाले. राजीनामा टिकला ७३ दिवस. भात लावून कापेपर्यंत याच्यापेक्षा जास्त दिवस जातात.

पुढे २०१४ ला सरकार बदललं. लाचलुचपत खात्याची म्हणजे एसीबीची चौकशी लागली. नोव्हेंबर २०१८ मध्ये एसीबीने नागपूर खंडपीठात सांगितलं, की अजित पवार जबाबदार आहेत. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटेचा शपथविधी झाला आणि दोनच दिवसांनी एसीबीने सिंचनाच्या नऊ चौकश्या बंद केल्या. त्या चौकश्या पवारांशी संबंधित नव्हत्या असं एसीबीने तेव्हा सांगितलं. डिसेंबरमध्ये त्याच एसीबीने कोर्टात सांगितलं की त्यांची जबाबदारी दिसत नाही. खातं तेच आणि कोर्ट तेच, फक्त मधे एक वर्ष गेलेलं. काय समजायचं ते वाचणाऱ्याने समजावं.

आता मुरबाडचं. काळू नदी आपल्याला नवीन नाही, टिटवाळ्याला गणपतीला जाताना तीच ओलांडतो. त्या नदीवर मुरबाड तालुक्यात मोठं धरण बांधायचं ठरलं, पाणी मुंबईच्या आसपासच्या शहरांना. कोकण पाटबंधारे विकास महामंडळाने २०११ मध्ये काम काढलं. बुडणारी जमीन आदिवासींची आणि जंगलाची. जंगलाची जमीन घ्यायला केंद्राची परवानगी लागते, ती हातात नसताना काम सुरू झालं. श्रमिक मुक्ती संघटनेने आणि गावकऱ्यांनी लढा दिला, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि २०१२ मध्ये काम थांबलं. तोपर्यंत पैसे खर्च झालेले, झाडं तुटलेली. मुंबईत राजीनामा, श्वेतपत्रिका, परत शपथ हा सगळा खेळ चालला होता तेव्हा मुरबाडच्या त्या पाड्यांवर लोकांचा प्रश्न एवढाच होता, की आमचं घर राहणार की बुडणार. घराचं छप्पर नवं घालायचं तर घालावं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं. धरणाचा विषय तेव्हापासून अधूनमधून परत वर येतोच, आणि विरोधही.

कोकणातल्या धरणांच्या चौकशीत पुढे गुन्हे दाखल झाले, पेणच्या बाळगंगा धरणाचा २०१५ मधला गुन्हा त्यातलाच. त्यात अधिकारी आणि ठेकेदार होते. मोठ्या खुर्चीचा राजीनामा पेपरात पहिल्या पानावर येतो, आणि गुन्ह्यात नाव येतं ते कार्यकारी अभियंत्याचं. हेही बघून ठेवा.

परत येणारे

छगन भुजबळांचं उदाहरण घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. डिसेंबर २००३ मध्ये ते उपमुख्यमंत्री होते, गृहखातं त्यांच्याकडे होतं. तेलगीच्या बनावट स्टॅम्पचं प्रकरण गाजत होतं. झी वाहिनीच्या कार्यालयावर त्यांच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी हल्ला केला आणि भुजबळांना राजीनामा द्यावा लागला. पुढे परत मंत्री झाले. मार्च २०१६ ला अटक, मे २०१८ ला जामीन, नोव्हेंबर २०१९ ला परत मंत्री. महाराष्ट्र सदनाच्या प्रकरणात २०२१ ला कोर्टाने त्यांना दोषमुक्त केलं. जुलै २०२३ ला परत शपथ, मे २०२५ ला परत शपथ.

हा मे २०२५ चा शपथविधी का झाला, तर धनंजय मुंडेंची जागा रिकामी झाली होती म्हणून. खातं अन्न व नागरी पुरवठा, म्हणजे आपलं रेशन. एका राजीनाम्याने रिकामी झालेली खुर्ची, त्यावर आधी राजीनामा देऊन आलेला माणूस. कोणाला नावं ठेवण्यासाठी सांगत नाही, व्यवस्था कशी फिरते ते सांगतो.

मुंडेंचं प्रकरण मात्र बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे, कारण त्यात पैसा बाजूला राहिला आणि माणूस गेला. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ ला अपहरण करून, हालहाल करून खून झाला. पवनचक्कीच्या कंपनीकडे दोन कोटींची खंडणी मागितली होती, देशमुख आडवे आले म्हणून मारलं, असं आरोपपत्रात आहे. मुख्य आरोपी म्हणून नाव आलं ते वाल्मीक कराड यांचं, मुंडेंच्या सगळ्यात जवळचा माणूस. मुंडे स्वतः आरोपी नाहीत आणि खटला अजून सुरू आहे, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे.

पण तारखा बघा. खून ९ डिसेंबरला. मुंडेंचा मंत्री म्हणून शपथविधी १५ डिसेंबरला नागपुरात. विरोधक ओरडत होते, सत्तेतल्याच भाजपचे सुरेश धस ओरडत होते, गावोगावी मोर्चे निघाले. राजीनामा आला नाही. मार्च २०२५ च्या सुरुवातीला मारहाणीचे फोटो बाहेर आले, जे आरोपपत्रातले होते. लोकांनी मोबाईलवर ते बघितले आणि रात्रीतून राज्य पेटल्यासारखं झालं. ४ मार्चला राजीनामा. खुनानंतर ८५ दिवसांनी. पत्रानंतर मुंडेंनी प्रकृतीचंही कारण सांगितलं. सरकारकडे ते फोटो आधीपासून असणार, आरोपपत्र काय आकाशातून पडत नाही. फरक एवढाच झाला की ते तुमच्या-माझ्या मोबाईलवर आले.

सरपंच हा गावातला माणूस. रात्री अपरात्री कोणाची डिलिव्हरी असो, कोणाचा डीपी जळलेला असो, फोन त्यालाच जातो. त्याचा असा खून झाला आणि पद सोडायला तीन महिने लागले, याचा राग आपल्याकडच्या सरपंचांमध्येही मी ऐकला आहे, पक्ष कुठलाही असो.

आमदारकी कधी जाते

आमदारकी जाण्याचा रस्ता वेगळा. लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम ८ प्रमाणे दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की आमदार-खासदार अपात्र. आधी अपील केलं की पद वाचायचं. जुलै २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने लिली थॉमस खटल्यात ती पळवाट बंद केली. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर जिल्हा बँकेच्या प्रकरणात माजी मंत्री सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा झाली, लगेच आमदारकी गेली.

माणिकराव कोकाटेंचं प्रकरण यात सगळ्यात चांगलं समजतं. मुख्यमंत्री कोट्यातले कमी उत्पन्नवाल्यांचे फ्लॅट खोट्या कागदांवर घेतल्याचा १९९५ चा गुन्हा. फेब्रुवारी २०२५ ला नाशिकच्या कोर्टाने दोन वर्षांची शिक्षा दिली. तेव्हा ते राज्याचे कृषिमंत्री होते. वरच्या कोर्टाने स्थगिती दिली, मंत्रिपद राहिलं. जुलैमध्ये विधान परिषदेत बसून मोबाईलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ फिरला. त्यांनी सांगितलं, खेळत नव्हतो, जाहिरात आली होती ती बंद करत होतो. शेतकऱ्याच्या पोटात काय गेलं ते शेतकऱ्यालाच माहीत, अवकाळीचे पंचनामे आमच्याकडे तेव्हा चर्चेत होते. शिक्षा काय झाली? कृषी खातं काढून क्रीडा खातं दिलं. लोकांनी त्यावर जे विनोद केले ते इथे लिहीत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली, तेव्हा मंत्रिपद गेलं. सुप्रीम कोर्टाने दोषसिद्धीला स्थगिती दिली म्हणून आमदारकी वाचली. म्हणजे खातं बदललं व्हिडिओने, पद गेलं कोर्टाने आणि आमदारकी राहिली तीही कोर्टाने.

राजीनामा दिलाच पाहिजे असा कायदा नाही, याचं उलटं उदाहरण म्हणजे नवाब मलिक. फेब्रुवारी २०२२ मध्ये ईडीने अटक केली. राजीनामा दिला नाही, जेलमध्येही मंत्री राहिले, फक्त खाती दुसऱ्यांना वाटली. सरकार पडलं तेव्हाच पद गेलं.

रिकामी खुर्ची आणि रांग

मंत्र्यांची संख्या आता वाटेल तेवढी ठेवता येत नाही. २००३ च्या घटनादुरुस्तीने आमदारसंख्येच्या १५ टक्क्यांची मर्यादा आली. २८८ आमदार, म्हणजे मुख्यमंत्र्यांसह ४३. तीन पक्षांचं सरकार असेल तर या ४३ खुर्च्यांचीही वाटणी. त्यामुळे एक राजीनामा झाला की सत्ताधारी पक्षात दहा जणांच्या घरी देव पाण्यात ठेवले जातात, आणि ज्याला मिळत नाही तो नाराज. बाहेरून वाटतं पक्ष घोटाळ्यामुळे अडचणीत आहे, आत भांडण खुर्चीचं असतं. फाईल त्या काळात टेबलावर पडून राहते. नवीन मंत्री येतो, पीए बदलतो, "साहेबांनी अजून बघितलं नाही" हे उत्तर परत पहिल्यापासून सुरू.

मग आपण काय बघायचं

राजीनाम्याच्या बातमीत तीन गोष्टी शोधा. राजीनामा कोणाच्या हातात आहे, पक्षाच्या, मुख्यमंत्र्यांच्या की राज्यपालांनी स्वीकारलाय. पक्षाकडे असेल तर तो अजून राजीनामा नाही. दुसरं, चौकशी कोण करतंय, एसीबी की सीआयडी की न्यायालयीन आयोग, आणि कोर्टाची त्यावर नजर आहे का. तिसरं, ज्या कामावरून हे झालं ते काम आता कोणाच्या सहीने चालणार.

न्यायालयीन आयोग नेमला असेल तर १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यात स्पष्ट लिहिलंय, की अहवाल आल्यापासून सहा महिन्यांच्या आत सरकारने तो आणि त्यावर काय केलं याचा कृती अहवाल सभागृहात ठेवायचा. आदर्शचा अहवाल डिसेंबर २०१३ मध्ये ठेवला आणि सरकारने आधी तो फेटाळलाच, मग टीका झाल्यावर काही भाग स्वीकारला. निदान लोकांना वाचायला तरी मिळाला.

अहवाल मिळत नसेल किंवा आपल्या भागातल्या धरणावर, रस्त्यावर झालेल्या चौकशीचं काय झालं ते हवं असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, नाहीतर अर्ज परत येतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तोही नाही, फक्त दाखल्याची झेरॉक्स जोडायची. अर्ज त्या खात्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने, मंत्र्याच्या नावाने नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, त्याला २० रुपये. "चौकशीचं काय झालं" असं मोघम लिहू नका, उत्तर "चालू आहे" असं येईल. चौकशी अहवालाची तारीख, पानं किती, तो कोणाला सादर केला आणि त्यावर कोणाच्या सहीने शेरा मारला, असं विचारा आणि त्या पानांच्या प्रती मागा.